एका व्हिजिटमध्ये काही कळत नसतं

बेटा,

तुझा मेसेज रात्री १:२० चा आहे, मी तो पहाटे पाचला वाचला, कानटोपी घालून, गॅसवर चहा ठेवून. "काका, मी तिन्हीकडे फेल आहे." तिन्हीकडे म्हणजे फ्लॅट विकणं, फोटोग्राफी आणि सिन्नरचं घर, एवढं मला कळलं. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो काका, हो काका" करतेस आणि मी भलतीकडे वाहवत जातो. म्हणून टाइप करतोय. लांबणार आहे.

तू कष्टाळू आहेस, पार्टीशी, म्हणजे गिऱ्हाइकाशी, खोटं बोलत नाहीस, हे तुलाही माहितीये आणि मलाही, ते सोड. मला फक्त हिशोब दे. नांदूर मध्यमेश्वरच्या धरणावर पक्ष्यांचे फोटो काढायला तू किती वेळा गेलीस? एकदा. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, मीच नेलं होतं, १४०० फ्रेम मारल्यास आणि घरी येऊन सगळ्या डिलीट करून लेन्स ओएलएक्सवर टाकायला निघालीस, जिचा ईएमआय अजून सात महिने बाकी आहे. त्या डॉक्टरांच्या पार्टीला फ्लॅट किती वेळा दाखवलास? एकदा. "कळवतो" म्हणाले आणि तू त्यांना परत फोनच केला नाहीस, कारण तुला वाटलं नको म्हणाले. आणि सिन्नरला? भाऊबीजेला गेलीस, बाबा म्हणाले "लोकांना घरं दाखवत फिरणं हे काय काम झालं", तू संध्याकाळची एसटी पकडलीस. त्याला आता दोन महिने होऊन गेले.

तीन ठिकाणी एकेकदा गेलीस आणि म्हणतेस फेल. अगं, फेल व्हायला आधी परत जावं लागतं!

हे मी काही पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या धंद्याला सहा-सात वर्षं झाली होती तेव्हा एका रिटायर्ड मास्तरांना बंगल्याचा प्लॉट घेऊन दिला. एप्रिलमध्ये दाखवला, एप्रिलमध्येच विसार पावती, मे मध्ये खरेदीखत. सातबारा क्लिअर, फेरफार बघितले, एनए (बिगरशेती) ऑर्डर होती, लेआउट मंजूर होता, म्हणजे कागदावर बोट ठेवायला जागा नाही. जुलैत मास्तर ऑफिसला आले. आरडाओरडा नाही, काही नाही. खुर्चीत बसले आणि पायातल्या चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, घोट्यापर्यंत काळा चिखल, तो माझ्या फरशीवर हळूहळू ओघळत होता आणि ते म्हणाले, "तुम्ही पावसात पाहिला होता का हो?" ओढ्याची जुनी वाट त्या प्लॉटमधून जात होती. एप्रिलमध्ये तिथे बाभळीची चार झुडपं आणि भेगाळलेली जमीन, कोण म्हणेल इथून पाणी जातं. गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगू शकलं असतं, पण मी गावात कुणाला विचारलंच नव्हतं, एकदा गेलो, गाडीतून उतरलो, हात लांब करून चतुःसीमा दाखवल्या आणि पार्टीला घेऊन हॉटेलात मिसळ खायला गेलो.

मी खोटं बोललो नव्हतो, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो आणि आता तुलाही सांगतोय. पण फरशीवरचा चिखल मी स्वतः पुसला, ऑफिसच्या पोऱ्याला पुसू दिला नाही.

तेव्हापासून ठरवलं की पावसाळ्यात न पाहिलेला प्लॉट विकायचा नाही. काकूला विचार किती सौदे गेले त्यात. पार्टी जानेवारीत टोकन घेऊन उभी असते आणि हा माणूस म्हणतो जुलैपर्यंत थांबा, कोण थांबतंय, बाजूचा एजंट दुपारपर्यंत सौदा करून मोकळा. काकू म्हणते तुमचं तत्त्व भाजीवाल्याला द्या आणि पाव किलो मेथी आणून दाखवा. बरोबर आहे तिचं. तरी मी परत जातो.

फ्लॅटचंही तेच, आणि हे तुझ्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नसणार, महारेराच्या एजंटांच्या परीक्षेतही नव्हतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा कुठलाही फ्लॅट उजेडाचा वाटतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो, भर दुपारीसुद्धा तिरकाच, आणि दक्षिणेला जर सात मजली बिल्डिंग उभी असेल तर तुझ्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत दोन-दोन महिने ऊन पडत नाही. ज्या आजींना तिथे कोवळ्या उन्हात बसायचंय त्या अख्खा हिवाळा शाल पांघरून आत बसतात आणि सुनेला म्हणतात घर गार आहे गं. ब्रोशरमध्ये काय आजी दिसणार? मे मध्ये बघितलंस तर डिसेंबरात परत बघ, दिवसा बघितलंस तर रात्री नऊला जाऊन बघ, पार्किंगमध्ये कोण कुणाशी भांडतंय ते कळेल, आणि सकाळी सातला जा म्हणजे चौथ्या मजल्यावर पाण्याला किती जोर आहे ते कळतं. त्या डॉक्टरांना आजच फोन लाव. म्हण, सर, संध्याकाळी एकदा परत दाखवते. "कळवतो" म्हणजे नको असं तुला कुणी सांगितलं? अर्ध्या लोकांना बायकोला घेऊन परत यायचं असतं आणि आपण होऊन म्हणायला लाजतात.

आता फोटो. तुझे ते १४०० मी पाहिले होते, गाडीतच, तू झोपली होतीस तेव्हा. वाईट नव्हते, घाईचे होते. तू मनोऱ्यावर चढलीस आणि जे उडालं त्याच्यावर बर्स्ट सोडलास, थापट्या, तलवार बदक, वारकरी (ते काळे पाणपक्षी), टिटवी, आणि एक तर चक्क प्लास्टिकची पिशवी होती (ती फ्रेम मी ठेवायला हवी होती). धुकं होतं आणि कॅमेऱ्याला धुकं म्हणजे नुसतं पांढरं, तो बिचारा ते करडं करून टाकतो, तिथे एक्स्पोजर स्टॉपभर वर घ्यायचं असतं. साडेनऊनंतर ऊन तापलं की शेतावरची हवा थरथरते, मग तुझी ६०० ची लेन्स असो नाहीतर माझी जुनी ३००, लांबचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखाच येणार. पण हे सगळं मी तुला आधी सांगितलं असतं तरी काही उपयोग नव्हता, ते दुसऱ्या खेपेला आपलं आपल्याला कळतं.

नांदूर मध्यमेश्वरला मी अठरा हिवाळे जातोय. २०२० च्या जानेवारीत रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलंच, तेव्हापासून रविवारी गाड्यांची रांग लागते, त्याआधी चापडगावच्या वाटेवर मी, एक दूधवाला आणि गारठा. आणि ती जागा मुळात पक्ष्यांसाठी केलेली नाहीच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, शेतीच्या पाण्यासाठी, आणि वर्षानुवर्षं दोन्ही नद्या गाळ आणून टाकत राहिल्या. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजली. पाणी साठवायला जेवढं ते वाया गेलं तेवढं बदकांच्या कामाचं झालं. आपल्या धंद्याच्या भाषेत, पडीक प्रॉपर्टीला गिऱ्हाईक लागलं, तेही थेट हिमालयापलीकडून.

पहिल्या दोन हिवाळ्यांत माझ्याकडे भिंतीला लावावा असा एक फोटो नव्हता. तिसऱ्या वर्षी कळलं की मार्श हॅरियर, तो शिकारी पक्षी, खाली आला की वारकरी एकमेकांना चिकटून काळा पुंजका करतात आणि मग सगळेच्या सगळे पाण्यावरून पळत सुटतात. हे उडण्याच्या आधी दोन-तीन सेकंद कळतं, माना वर येतात. तेवढी माना वर येण्याची खूण दिसायला मला तीन वर्षं लागली, आणि तू एका सकाळी बघून लेन्स विकायला निघालीस. राग येतो मला.

जरा चहा करून आलो.

घराचं लिहायचं टाळत होतो. तुला माहितीये माझं गाव निफाड तालुक्यात, दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, द्राक्षबाग होती, थोडा गहू-हरभरा. निफाडची थंडी पेपरात वाचतेस ना, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा इतका उतरला म्हणून, त्या रात्री बागायतदार झोपत नाही. मणी तडकतात. बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करून धूर करायचा, पहाटे ड्रिप सोडायचं. दादांनी हे जन्मभर केलं. नोव्हेंबर २०२० ला त्यांचा फोन आला, "ती मोठी बदकं आलीत बघ हरभऱ्यात, डोक्यावर काळे पट्टे असलेली, ये की फोटो काढायला." पट्टकदंब हंस. मी बारा वर्षं त्यांच्यामागे धरणावर फिरत होतो आणि ते दादांच्या शेतात चरत होते.

मी म्हणलं, ३१ डिसेंबर होऊ द्या.

तू तेव्हा कॉलेजात असशील. त्या वर्षी सरकारने सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली होती. कोरोनामुळे सहा महिने ठप्प पडलेला बाजार एकदम उसळला, जो तो म्हणतो वर्षाअखेरच्या आत माझं करून द्या. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर मास्क लावून रांगा, अंगठ्याच्या मशीनवर सॅनिटायझर, रात्री आठपर्यंत आम्ही तिथे उभे. एका डिसेंबरात मी ११ खरेदीखतं केली, आयुष्यात कधी केली नव्हती. त्यातून मोठीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी निघाली, ऑफिसचं थकलेलं भाडं गेलं. हे मी तुला का सांगतोय तर कुणी असं म्हणू नये की मी चैन करत होतो.

पण खरं ऐक. ड्युटी भरून सह्या झाल्या की नोंदणीला चार महिने मिळतात, कायद्यातच आहे, आणि मला ते पाठ आहे. निम्म्या पार्ट्यांना मी म्हणू शकलो असतो की ड्युटी भरा, सह्या करा, रजिस्टरला फेब्रुवारीत निवांत जाऊ. नाही म्हणलं. नोंदणी झाल्याशिवाय ब्रोकरेज हातात येत नाही आणि मला ते हातात हवं होतं.

३ जानेवारीला गावाला गेलो. शेजारच्यांनी फटाके वाजवून पक्षी हाकलले होते, त्यांचंही चूक नाही, गव्हाची कोवळी पात साफ करून टाकतात ते. दादा मला बांधावरून घेऊन गेले, वय ७८, हातात काठी, आणि ओल्या मातीतले पायाचे ठसे दाखवत होते, हे बघ, हे बघ, इथे बसली होती. मी ट्रायपॉड लावून आभाळाकडे बघत होतो, एखादा थवा फिरून येईल म्हणून. चार फ्रेम काढल्या. त्यातल्या एकीत डाव्या कोपऱ्यात दादांचा हात आहे, काठी आणि अर्धी बाही, फोकसच्या बाहेर. फोकस मागच्या रिकाम्या हरभऱ्यावर.

निघताना म्हणाले, पंधरा दिवसांनी परत ये, ती परत येतात. मार्चपर्यंत ड्युटीची दोन टक्के सवलत वाढवून दिली होती, त्यामुळे परत कामं निघाली. एप्रिलमध्ये दादा गेले. त्या एप्रिलबद्दल तुला वेगळं सांगायला नको, तुमच्याकडेही काय कमी झालं का.

मी चुकलो असं मी अजून शंभर टक्के मानत नाही. फी भरायचीच होती, आणि एप्रिल कुणाला माहीत होता? काकू म्हणते तुम्ही दरवर्षी थंडी पडली की हेच बोलता आणि शेवटी तिथेच येऊन थांबता. असेल. पण दरवर्षी मी त्या बांधावर जाऊन उभा राहतो, शेत आता चुलतभावाकडे आहे, तो मला येडा समजतो, आणि मागच्या वर्षी फेब्रुवारीत ते खरंच आले होते, वीस-पंचवीस, पहाटे, इतके जवळ की गहू उपटल्याचा आवाज येत होता. फोटो चांगला आलाय. ऑफिसात लावलाय, तू बघितलायस, तुला वाटलं धरणावरचा असेल.

बाबा तुझे "घरं दाखवत फिरणं" म्हणाले ते मनाला लावून घेऊ नकोस. मला २५ वर्षं लोक दलाल म्हणतायत. दोन टक्के कशाचे तर कुलूप उघडायचे, असं तोंडावर म्हणतात आणि त्याच माणसाला मी ज्या फ्लॅटपासून वाचवलेलं असतं तो त्याला माहीतही नसतो, कारण मी दाखवलेलाच नसतो. त्याचे कोण पैसे देणार? जाऊ दे. मुद्दा असा की तुझ्या बाबांनी तुझं काम एकदाही बघितलेलं नाही, तूही त्यांना भाऊबीजेच्या एका दुपारीच बघितलंस, जेव्हा तुझी आत्या समोर बसून तुझ्या लग्नाचं विचारत होती. आत्या नसताना जा. सिन्नर आहे ते, सिंगापूर नाही.

तर आता असं. रविवारी मी आणि काकू धरणावर जातोय. तुला मी नाशिकमधून पिकअप करणार नाही, कितीही फोन कर. शनिवारी संध्याकाळी घरी जा आणि तिथेच झोप, मी पहाटे पावणेपाचला सिन्नरला तुमच्या दारात गाडी लावतो, तिथून नायगाववरून सायखेड्याला निघू, धुकं असलं तर हळूहळू. थंडीत बॅटरी पटकन उतरते, दोन्ही चार्ज करून ठेव आणि एक खिशात, अंगाला लागून. हातमोज्यांची बोटं काप, नाहीतर शटर सापडत नाही. बाबा उठलेले असतील तर त्यांना विचार येता का, गाडीत एक जागा आहे.

आणि चहात साखर नको म्हणावं, मला शुगर निघालीये.

काका