उटीला पहिल्यांदा जाताय? मग एवढंच बघा

दोन दिवसांत उटी, कुन्नूर, कोडाईकनाल सगळं उरकायचा बेत आधी रद्द करा. नवखे इथेच फसतात. उटी-कुन्नूर एवढंच ठेवा, मस्त होईल.

निलगिरीची छोटी रेल्वे मात्र चुकवू नका. मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर. त्यात कल्लार ते कुन्नूर गाडी दातेरी रुळाच्या आधाराने चढते, खरी गंमत तिथेच. आरक्षण लवकर करा. नाहीच मिळालं तर निदान कुन्नूर-उटी टप्पा तरी कराच.

- दोड्डाबेट्टा शिखर (२,६३७ मीटर) सकाळीच गाठा, नंतर ढग येतात.
- कुन्नूरला सिम्स पार्क आणि डॉल्फिन्स नोज हा व्ह्यू पॉइंट.
- स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर निलगिरीत प्रवेशासाठीचा ऑनलाइन ई-पास आधीच काढा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे.

आणि मे महिना असला तरी स्वेटर घ्या.