वायफायचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी फायबरची जोडणी देताना आलेल्या तंत्रज्ञाने माझा मोबाइल नंबरच वायफायचा पासवर्ड म्हणून ठेवून दिला. सोसायटीतले कोणीतरी आमचे नेट वापरत असावे अशी शंका आल्यामुळे भाच्याने नेटवर्कचे नाव लपवले आणि सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर नेली. पासवर्ड मात्र तोच आहे. तेव्हापासून जुना प्रिंटर जोडला जात नाही. काय करावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या भाच्याने जे बदलले त्यापेक्षा जे बदलले नाही, ते अधिक महत्त्वाचे आहे. मोबाइल नंबर सोसायटीच्या वहीत, कुरिअरच्या पाकिटावर, सगळीकडे लिहिलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्याला तो तर्काने शोधावाही लागत नाही. पण परक्या माणसापुढेही तो टिकत नाही. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या आधीच्या पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते; ती हवेतून टिपून घेतली की पुढचे सगळे अंदाज स्वतःच्या संगणकावर, राउटरला पत्ताही न लागता, तपासता येतात. प्रत्येक अंदाजामागे ४०९६ फेऱ्यांचे गणित मुद्दाम घातलेले आहे खरे, परंतु आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. सेकंदाला लाखो अंदाज तपासणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचे काम आहे.

२०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३ या पुढच्या पद्धतीत असे घरी बसून अंदाज तपासण्याची सोय उरत नाही, म्हणून भाच्याची निवड चुकीची नव्हती. आपला प्रिंटर बहुधा त्याआधीचा असल्याने त्याला ही पद्धत समजत नाही. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर त्याला ठेवावे असे सुचेल, पण ते नेटवर्क सहसा मुख्य नेटवर्कपासून तोडलेले असते आणि मग लॅपटॉपवरून छापताच येत नाही. तेव्हा डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ एकत्र चालवणारा मिश्र पर्याय निवडावा. त्यात डब्ल्यूपीए२ ची ती जुनी फट पुन्हा उघडते, म्हणून सारा भार पासवर्डवरच येतो. एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतीच्या, जागी एईएस ठेवावे. टीकेआयपी ही जुनी पद्धत घेतल्यास सुरक्षा तर घटतेच, शिवाय वेगही ५४ एमबीपीएसच्या आत अडकतो.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. खलबत्ता, सुतळी, चांदणे, रिक्षा, पाचोळा असे एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर तो लक्षातही राहतो आणि पुरेसा लांबही होतो. (हेच पाच नकोत, ते आता छापून आले आहेत.)

नाव लपवण्याचा उपयोग जवळपास शून्य आहे. राउटर गप्प बसला तरी आपला फोन बाहेरही त्या नावाला हाका मारत फिरतो. नाव पुन्हा दिसू द्यावे. घरातल्या उपकरणांच्या मॅक पत्त्यांची, म्हणजे प्रत्येकाच्या ओळख-क्रमांकाची, यादी करून बाकीच्यांना अडवण्याचा सल्लाही कोणी देईल. हे पत्ते हवेत उघडे असतात, त्यामुळे त्यांची नक्कल सहज होते.

राउटर उलटा करून पाहिलात तर तळाच्या चिठ्ठीवर डब्ल्यूपीएस पिन असे आठ आकडे छापलेले आढळतील. पासवर्डऐवजी पिन टाकून उपकरण जोडण्याची ही सोय बंदच करावी. त्या आठांतला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे कोट्यवधी शक्यता अवघ्या ११,००० वर येतात. ही त्रुटी २०११ सालीच उघड झाली.

हे सर्व बदल लॅपटॉप राउटरला वायरने जोडून करावेत, नाहीतर पासवर्ड बदलताच आपणच बाहेर फेकले जाल. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा चिठ्ठीवर दिलेला पत्ता टाकावा, आणि आत शिरण्याचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’ असेल तर तोही त्याच बैठकीत बदलावा. मग घरातली उपकरणे एकेक करून जोडत राउटरच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहत जावी. नव्या पासवर्डनंतरही तिच्यात अनोळखी नाव दिसले, तर तो पासवर्ड घरातून कोणाला सांगितला गेला याची आधी चौकशी करावी.