मधलं मडकं

"ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, एमआरआयसुद्धा बरा आलाय. मग अजून दुखतंय कशाला? का मनाचंच आहे हे?" मी समुपदेशक आहे, आणि पाठीच्या ऑपरेशननंतर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी माणसांनी मला हे विचारलंय. माझं पहिलं उत्तर ठरलेलं: दुखतंय ते खरंच दुखतंय. तुम्ही सोंग करत नाही.

एक आक्का यायची (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). खानापूर तालुक्यातली, पन्नाशीची, जन्म भातशेतीत गेलेला. कमरेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबली होती. ऑपरेशनला 7 महिने झाले होते, पायातली कळही गेली होती. पण कमरेचा पट्टा सुटत नव्हता. खुर्चीत बसतानाही दोन्ही हात टेकायची, श्वास रोखायची. घागर सून उचलायची, चपला नवरा पायापाशी आणून ठेवायचा. डॉक्टरांनी मात्र चालायला, वाकायला कधीच मोकळीक दिली होती.

तीन भेटी मी नुसता धीर दिला. चौथ्या भेटीत वेगळं विचारलं, "आक्का, वाकलात तर आत नेमकं काय होईल असं वाटतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग टेबलावरचे स्टीलचे पेले तिने एकावर एक रचले आणि मधल्या पेल्यावर बोट ठेवलं. "आमच्या आईकडे मडक्यांची उतरंड होती बाई. ह्यातलं मधलं काढलं तर वरची ऱ्हातील काय?"

तिच्या लेखी डॉक्टरांनी मधलं मडकंच काढलं होतं. सात महिने ती बाई अंगातली उतरंड सांभाळत होती, आणि तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी वाद घातला नाही. हाच प्रश्न, याच शब्दांत डॉक्टरांना विचारायला सांगितलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं: नसेवर दाबणारा तुकडा तेवढा काढलाय, बाकी गादी जागेवर आहे, मागचे सांधे आणि स्नायू मणके धरून आहेत. पुढच्या भेटीला ती दारातूनच म्हणाली, "मडकं काढलंच न्हाई! भाईर आलेलं खापर तेवढं काढलंय."

इतक्या वर्षांच्या कामातून माझी खात्री झालीय की भीतीमागे असं एखादं चित्र असतं. ते बाहेर आलं नाही तर 'घाबरू नका' म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडलं की पाठीच्या कण्यात वेदनेला जणू एक दार असतं, आणि मेंदूकडून येणारे निरोपही ते उघडतात-मिटतात. भीती, जागरणं, सतत पाठीकडेच लक्ष, यांनी ते उघडं राहतं. त्यात न हलवलेले स्नायू आखडतात, हलवले की दुखतात, आणि भीतीला वाटतं, बघ, मी म्हटलं नव्हतं?

पुढचं काम सावकाशीचं होतं. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आधी टेबल धरून 5 वेळा वाकणं, श्वास न रोखता. मग जमिनीवरची वाटी उचलणं. मग अर्धी कळशी. बरं वाटलं म्हणून दुप्पट करायचं नाही, थोडं दुखलं म्हणून बंदही करायचं नाही. नवऱ्याला सांगितलं, "दुखतंय काय" हे दिवसातून दहादा विचारू नका, "आज कुठवर चाललीस" ते विचारा. त्याला हे फार जड गेलं. चपला आणून ठेवणं हीच त्याची माया होती. मी म्हटलं, मग रोज तिच्याबरोबर चाला.

एक मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर समुपदेशकाची वाट बघू नका, तडक डॉक्टरांकडे जा.

आषाढात आक्काचा फोन आला. चार ओळी रोप लावलं होतं, पट्टा न बांधता. संध्याकाळी पाठ ठणकली, शेकली, झोप लागली, एवढं तिने एका दमात उरकलं. मग नवऱ्याने लावलेल्या ओळी किती वाकड्या आल्या, ते सविस्तर सांगत बसली.