कापसाचे चिनी अक्षर

प्रश्न : आमच्या जिनिंगमधील चिनी यंत्रावरच्या एका अक्षराचा अर्थ ‘कापूस’ असल्याचे समजले. त्याची फोड कशी होते? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : उच्चार ‘म्येन’, पण प्रश्न विचारताना चढतो तसा स्वर चढवून. डावीकडे झाड, उजवीकडे वर ‘पांढरा’ आणि खाली ‘कापड’. वेचणीला आलेले खानदेशातले शेतच जणू! मात्र उजवीकडचे दोन्ही भाग मिळून ‘रेशमी वस्त्र’ हा स्वतंत्र शब्द होतो, आणि जुन्या रूपात झाडाऐवजी रेशीमधाग्याचे चिन्ह असे, कारण चीनमध्ये कापूस रुळण्यापूर्वी हा शब्द रेशमाच्या मऊ तंतूंसाठी होता. ते रूप आजही ‘मऊ’, ‘अखंड लांबत जाणारे’ या अर्थांनी वापरात आहे. झाडाचे अक्षर कापसापाशीच राहिले. ‘म्येन-आओ’ म्हणजे कापूस भरलेली बंडी.