खंय चललंस?

पत्र

मावशी,

मी ४८ वर्षांची, मालवणपासून थोड्या अंतरावरच्या एका वाडीत राहते. गेल्या महिन्यात आरोग्य उपकेंद्रात तपासणी होती, आशाताई मला ओढूनच घेऊन गेली. उपाशीपोटी साखर ११८ निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, भात आवरा. घरी सांगितलं तर सगळे हसले. हे म्हणतात, दिवसभर तुझ्या पायाला भिंगरी असते, आणखी कसलं चालणं? जाऊबाई म्हणाल्या, एवढी हौस असेल तर माझ्या गुरांमागून चाल. तरी दोन दिवस गेले. वाटेत तिघांनी विचारलं, "खंय चललंस?" चालायला चालले असं कसं सांगू? रिकामटेकडी वाटेन. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. ठाण्याची नणंद फोनवर विचारते, दहा हजार पावलं झाली का, आणि भात-नारळ बंद कर म्हणते. ह्यांना बीपीची गोळी आहे, बरं वाटलं की स्वतःच बंद करतात. सासूबाई ७८ वर्षांच्या. आषाढात मागीलदारी घसरल्या, तेव्हापासून माजघर सोडत नाहीत. सगळ्यांचं बघता बघता माझं कधी बघू?

— वाडीतली सून

उत्तर

अगो बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या "खंय चललंस"पाशी अडकले. साखरेचं, भाताचं सांगते, पण आधी हे. आपल्याकडे "खंय चललंस" हा प्रश्न नाहीच, तो नमस्कार आहे. पिशवी भरून बाजारातून येणाऱ्याला आपण "बाजारात गेल्लंस?" विचारतो. एसटीत बसलेल्याला खिडकीतून "खंय?" विचारतो आणि त्याने तोंड उघडायच्या आत गाडी सुटते. उत्तराचं कोणाला पडलेलं नसतं. "हंयच जरा" म्हणालीस तरी समोरचा खूश होऊन पुढे जातो.

तेव्हा ती लाज त्या तिघांनी दिलेली नाही. काम नसताना उंबरा ओलांडणारी बाई वाईट, हे आपल्याच डोक्यात लहानपणापासून घट्ट बसलंय. आंगणेवाडीच्या जत्रेत तू रांगेत तासन् तास उभी राहतेस. गणपतीत फुगड्या घालून घामाघूम होतेस. तेव्हा कोणी काही म्हणत नाही आणि तुलाही काही वाटत नाही, कारण ते देवाचं. स्वतःसाठी म्हणून अर्धा तास काढायचा म्हटलं की घशात आवंढा येतो. मी स्वतः कित्येक वर्षं हातात दुधाची रिकामी किटली घेऊन चालायला जायचे. दूध घरी येत होतं गं! किटली हातात असली की कोणी विचारत नाही, एवढंच. तुलाही पहिले पंधरा दिवस किटली लागली तर घे. पुढे तिचं ओझं वाटायला लागलं की आपोआप सुटेल.

आता तुझ्या यजमानांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही. घरकाम हाही व्यायामच, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा तो धरते. पण काम कुठलं ते बघायला हवं. तुझ्या सासूबाई रहाटाने पाणी ओढत, जात्यावर दळत, डोक्यावर भारा घेऊन घाटी चढत. तुझ्या घरी बहुतेक पंप आहे, मिक्सर आहे, गॅस आहे. कष्ट संपले नाहीत, त्यांचा प्रकार बदलला. वाकणं, उकिडवं बसणं, निवडणं, चिरणं, उभं राहून भांडी घासणं, यात पाठ मोडते पण छातीचा भाता हलत नाही. भाचीने दिलेलं पावलं मोजणारं घड्याळ मी एकदा दिवसभर घातलं होतं. रात्री आकडा बघून मीच चकित झाले, इतका मोठा. मग आठवायला बसले, तर सलग चालणं कुठलं? चुलीपासून मागच्या दारापर्यंत, दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून परत. एकदाही दम लागला नव्हता.

म्हणून पावलं मोजू नकोस, दम बघ. चालताना सोबतच्या बाईशी बोलता यावं, पण आरती सलग म्हणता येऊ नये, इतकं जलद. असं आठवड्यात किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. नणंदेला सांग, दहा हजाराचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलांचं मीटर" होता. आकडा गोल, लक्षात राहणारा, तो जगभर पसरला. चाललीस दहा हजार तर उत्तमच, पण सहा हजारच झाली म्हणून रात्री खळ्यात येरझाऱ्या घालून आकडा भरायची गरज नाही.

तुझी ११८ म्हणजे मधुमेह नव्हे. उपाशीपोटी १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ किंवा त्यावर, तेही पुन्हा तपासून तसंच आलं, तर मधुमेह म्हणतात. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. चेन्नईच्या संशोधकांनी अशाच उंबरठ्यावरच्या माणसांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं, २००६ साली ते छापून आलं. ज्यांनी काही बदललं नाही त्यांच्यात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, ज्यांनी चालणं-खाणं बदललं त्यांच्यात ३९ जणांना. जादू नाही, बघितलंस ना? ३९ जणांना तरीही झाला. पण त्या वाचलेल्या १६ जणांत आपण असावं एवढ्यासाठी अर्धा तास द्यायला काय हरकत आहे? तीन महिन्यांनी पुन्हा तपास, आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करता येईल का ते डॉक्टरांना विचार.

भाताचं म्हणशील तर नणंद ठाण्यात बसून सांगते ते तिच्या ताटाला ठीक. तुझ्या ताटातला भात बंद केलास तर आठ दिवस टिकेल, नवव्या दिवशी तू टोपच घेऊन बसशील. बंद नको, क्रम आणि माप बदल. आधी भाजी, उसळ, माशाची तुकडी, मग भात, आणि तो एकाच वाढीचा. कढी-आमटी संपवायला पुन्हा भात आणि भात संपवायला पुन्हा कढी, हा आपला जुना खेळ आहे, तिथे हात आवर. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा थोडा बरा. पेज मात्र मऊ शिजलेली, भराभर पोटात जाते आणि साखरही भराभर चढवते. सकाळी ती घेतच असशील तर अर्धा वाडगा, सोबत चवळीची किंवा मुगाची उसळ. कुळथाची पिठी खुशाल खा. नाचणीची भाकरी चांगली, पण नाचणी आहे म्हणून चार भाकऱ्या असं नव्हे. बांगडा, तारली ताजी मिळतात तर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त तळण्यापेक्षा तिखलं कर. नारळ? वाटप कमी कर, बंद करू नकोस. नारळाच्या तेलात संपृक्त चरबी नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा रोज हात सैल सोडण्याजोगं ते नाहीच. पण आठवड्यातून दोनदा सोलकढी प्यायल्याने कोणाचं वाटोळं झालेलं मी पाहिलं नाही. आंबा आला की ताटात आंबा किंवा भात, दोन्हीपैकी एक.

आता यजमान. हे मला सगळ्यात जास्त खटकलं, तुझ्या साखरेपेक्षाही. त्यांना एवढंच विचार, खारं पाणी शेतात येत नाही म्हणून कोणी खारबांध फोडतं का? बांध आहे म्हणूनच पाणी येत नाही. गोळी चालू आहे म्हणून बरं वाटतंय. आणि बीपी वाढलं तरी बहुतेक वेळा काही वाटतच नाही, डोकंसुद्धा दुखत नाही. एकदम कळतं ते अर्धांगवायूने किंवा हृदयाच्या झटक्याने. गोळी कमी करायची, बदलायची ते डॉक्टर ठरवतील. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, तेव्हा पैशाचं कारण नको. तू त्यांच्यामागे रोज ओरडू नकोस, पुरुष माणूस त्याने आणखी हट्टाला पेटतो. सकाळच्या चहाच्या कपाशेजारी गोळी ठेव आणि गप्प राहा.

गोळीच्या जोडीला मीठ. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, त्यात भाकरीतलं आणि भाजीतलं सगळं आलं. आपल्या घरात मीठ डब्यातून कमी आणि सुक्या बांगड्यातून, सुक्या कोलंबीच्या सोड्यांतून, खारातल्या कैरीतून, पापडातून जास्त येतं. सुका बांगडा करशील तेव्हा नुसता धुऊन तव्यावर टाकू नकोस. कोमट पाण्यात अर्धा तास ठेव, ते पाणी ओत, पुन्हा ताजं पाणी घे. पहिलं पाणी चाखून बघ एकदा, समुद्राचं वाटेल. यजमानांनाही चाखव! आणि सुका मासा हा पावसातला आधार आहे, मासेमारी बंद असतानाचा. मार्गशीर्षात दारात ताजी मासळी असताना तो कशाला काढायचा?

सासूबाईंकडे येते. त्या पडल्या शेवाळावर, पण आता त्यांना धरून ठेवलंय भीतीने. आणि बसून राहिलं की मांड्या सुकतात, मांड्या सुकल्या की पुढची पडझड माजघरातच होते. त्यांना "चला फिरायला" म्हणू नकोस. जेवायच्या आधी पाटावर नको, खुर्चीवर बसव आणि हात न टेकता उठायला लाव. सुरुवातीला टेकले तरी चालेल. पाच वेळा, मग आठवड्याभराने आठ. ओटीच्या खांबाला धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहणं, मग दुसऱ्या पायावर. असा तोल सावरायचा व्यायाम वयस्कांनी आठवड्यातून तीन दिवस तरी करावा, तू रोजच करून घे. पहिले काही दिवस शेजारी उभी राहा. डोळे तपासून घे, मोतीबिंदू असेल तर शेवाळ दिसणार कसं? न्हाणीघरात धरायला एक दांडा ठोकून घे. मागीलदारी पावसापूर्वी ब्लीचिंग पावडर घालून चिरे घासून काढ आणि पाऊस लागला की पूर्वीसारख्या पोफळीच्या झावळ्या पसर.

सासूबाईंना जरा धीर आला, की रात्रीची जेवणं झाल्यावर त्यांचा हात धरून खळ्यात दहा-पंधरा मिनिटं फिर. हे फिरणं त्यांच्यापेक्षा तुझ्या जास्त कामाचं. जेवणानंतर पायाचे स्नायू हलले की रक्तात आलेली साखर ते तिथल्या तिथे ओढून घेतात, नुसतं पडून राहिलं तर ती चढत राहते. सकाळचा जलद अर्धा तास आहेच, रात्रीची ही दहा-पंधरा मिनिटं त्यावर. आणि सासूचा हात धरून फिरणाऱ्या सुनेला कोण रिकामटेकडी म्हणतो ते मला कळव.

अंधारात बॅटरी हवीच आणि पायात बंद चप्पल किंवा बूट. फुरसं पाचोळ्यात दिसत नाही. चालताना छातीत दाटलं, दम बसेना, चक्कर आली तर तिथेच थांब आणि डॉक्टरांना दाखव, "होईल बरं" करू नकोस. आणखी एक, चालण्याशी याचा संबंध नाही पण आठवलं म्हणून सांगते. पायाला चीर असताना लावणीच्या चिखलात उतरलीस आणि मग ताप, पोटऱ्या ठणकणं सुरू झालं, तर पॅरासिटामॉलवर दिवस काढू नकोस. लेप्टो, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणारा ताप, असू शकतो, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठ.

राहिल्या जाऊबाई. त्यांचा टोमणा मला भारी आवडला. गुरांमागून चाल म्हणाल्या ना? मग चालच. भात झोडून झालाय, पहाटे गारवा आहे, सड्याची, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराची, घाटी चढायला याहून बरे दिवस नाहीत. गुरं मध्ये मध्ये थांबतील, चरतील. तू थांबू नकोस, वरपर्यंत चढ, सड्यावर एक फेरी मार आणि तशीच खाली ये. सोबत आहे, हातात काठी आहे, किटलीचीही गरज नाही. वाटेत त्यांना विचार, तुमचं बीपी आणि साखर शेवटची कधी बघितली? तिशीच्या पुढच्या सगळ्यांची ती उपकेंद्रात फुकट बघतात, आणि माझा अंदाज आहे की त्या कधी गेलेल्याच नाहीत. गुरं किती वाजता सोडतात ते आज रात्रीच विचारून ठेव.

— मावशी