रोजचे ३०० शब्द पुरेत

पहिल्याच कादंबरीला रोज २,००० शब्द लिहायचे म्हणता? अहो, चौथ्या दिवशी दमाल. अमेरिकेतल्या ‘नॅनोरायमो’ या नोव्हेंबरच्या कादंबरीलेखन उपक्रमात ३० दिवसांत ५०,००० शब्द लिहायचे असत, म्हणजे रोज सुमारे १,६६७. नोकरी सांभाळून ते भल्याभल्यांना झेपत नाही. तुम्ही ३०० धरा. आठवड्याला सहा दिवस लिहिलंत तरी आठ महिन्यांत ६०,०००च्या पुढे जाल.

सध्या एवढंच पाळा:

- वेळ ठरलेली हवी. माझी पहाटेची, कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत.
- कालचं शेवटचं पान वाचा, पण दुरुस्त करू नका. मी पहिलं प्रकरण अकरा वेळा घासूनपुसून लिहिलं, दुसरं लिहिलंच नाही. ती वही अजून माळ्यावर आहे.
- खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी ६०० नकोत, ३००च. थकबाकी साचली की वही उघडायलाच नको वाटतं.

उठताना वाक्य मुद्दाम अर्धं सोडा. ‘तिने दार उघडलं आणि’ एवढ्यावर पेन ठेवलं की सकाळी सुरुवात शोधत बसावं लागत नाही.

शुद्धलेखन, प्रकाशक, मुखपृष्ठ नंतर बघू. आज किती झाले ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी.