संघमालक हात सैल सोडतील का?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पिट्सबर्गमध्ये राहतो आणि इथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा मनापासून चाहता झालो आहे. या संघाने शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, 1979 मध्ये जिंकली. आज पॉल स्कीन्ससारखा असामान्य पिचर (चेंडूफेक करणारा खेळाडू) हाताशी असूनही त्याच्याभोवती संघ उभा करण्यासाठी पैसा सोडला जात नाही, अशी प्रेक्षकांची तक्रार आहे; 2025 च्या हंगामात तर ‘संघ विकून टाका’ अशा घोषणाच स्टँडमधून ऐकू येत होत्या. मालक बॉब नटिंग अजिंक्यपदासाठी लागेल तेवढा खर्च कधी तरी करतील का? आणि मुळात पैसा ओतल्याने अजिंक्यपद मिळते का?
— एक वाचक, पिट्सबर्ग

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण मालकाने किती खर्च करावा हे त्या उत्तरावरच अवलंबून आहे.

मेजर लीग बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा नाही आणि किमान मर्यादाही नाही. ठरावीक रकमेच्या वर गेल्यास जादा खर्चावर कर भरावा लागतो, एवढेच. 2025 मध्ये ही रक्कम 24.1 कोटी डॉलर होती. न्यूयॉर्क मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन यांनी 2023 मध्ये या कराची तमा न बाळगता खर्च केला, केवळ करापोटी 10 कोटी डॉलरहून अधिक भरले, आणि त्यांचा संघ 75 सामने जिंकून व 87 हरून प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, बाहेर राहिला. दुसरीकडे लॉस एंजेलिस डॉजर्सनी 2024 आणि 2025 अशी सलग दोन अजिंक्यपदे मिळवली. 1998 ते 2000 मधील न्यूयॉर्क यांकीजनंतर हे कोणालाही जमले नव्हते.

मात्र डॉजर्सचे यश म्हणजे नुसत्या पैशाचा विजय, असे मला वाटत नाही. 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना आठवा. टोरोंटोविरुद्ध नवव्या डावात ते एका धावेने मागे होते आणि अजिंक्यपद हातचे जायला दोनच बळी बाकी होते. तेव्हा बरोबरी साधणारा होम रन (चेंडू थेट सीमेपार धाडणारा फटका) 70 कोटी डॉलरचा करार असलेल्या शोहेई ओहतानीने मारला नाही. तो मारला 36 वर्षांच्या मिगेल रोहासने, ज्याची ख्याती फलंदाजीपेक्षा क्षेत्ररक्षणासाठी अधिक आहे. अकराव्या डावातील निर्णायक होम रन विल स्मिथचा होता, आणि त्याला या संघाने 2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेऊन आपल्याच कनिष्ठ संघांमधून घडवले होते. तरीही आदल्या रात्री सहावा सामना खेळून पुन्हा मैदानात उतरलेला आणि शेवटचे बळी घेणारा पिचर योशिनोबू यामामोतो हा 32.5 कोटी डॉलर मोजून आणलेला होता. घरचे खेळाडू, अनुभवी आणि स्वस्त खेळाडू, आणि अगदी महागडे खेळाडू असे तिन्ही प्रकार ज्या संघात एकाच वेळी असतात, तो संघ ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या दिवसांत, तगून राहतो. पैशाने अजिंक्यपदाची हमी मिळत नाही, परंतु पैशावाचून या तिन्हींपैकी एक बाजू कायमची लंगडी राहते.

म्हणून मालकाची परीक्षा एकूण रकमेवरून करू नये, असे माझे मत आहे. त्याने कोणत्या वेळी हात सैल सोडला आणि कोणत्या वेळी आखडता घेतला, हे पाहावे. टेक्सास रेंजर्सनी 2021 मध्ये 102 सामने गमावले, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात कोरी सीगर आणि मार्कस सेमियन या दोघांसाठी मिळून 50 कोटी डॉलरचे करार केले. पुढच्या वर्षीही ते 94 सामने हरले. मात्र मालक मागे हटले नाहीत आणि 2023 मध्ये त्या संघाने आपली पहिलीच वर्ल्ड सिरीज जिंकली.

याच फूटपट्टीने पायरेट्सकडे पाहिले की खरे दुखणे सापडते. 2015 मध्ये त्यांनी 98 सामने जिंकले होते. त्या हंगामात संपूर्ण मेजर लीगमध्ये त्यांच्यापेक्षा जास्त विजय केवळ सेंट लुईसचे होते. वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गटविजेते नसलेल्या दोन संघांमधल्या, एकाच सामन्यात शिकागो कब्जकडून हरून ते बाहेर पडले. चांगल्या संघाला भक्कम करण्याची वेळ असते ती हीच. प्रत्यक्षात त्या हिवाळ्यात पिट्सबर्गमध्येच जन्मलेला नील वॉकर मेट्सना देऊन टाकण्यात आला, आणि हंगामाच्या उत्तरार्धात अप्रतिम खेळलेला पिचर जे. ए. हॅप 3 वर्षांसाठी 3.6 कोटी डॉलरच्या करारावर टोरोंटोला गेला. पुढच्याच वर्षी त्याने तिथे 20 सामने जिंकून दिले. ही रक्कम बेसबॉलच्या हिशेबात मोठी नव्हती, आणि म्हणूनच ती मला अधिक बोचते. 2016 मध्ये पायरेट्सच्या विजयांपेक्षा पराभव जास्त झाले, आणि जानेवारी 2018 मध्ये गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन हे दोघेही काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्या संघांना दिले गेले.

पिट्सबर्गची बाजारपेठ लहान आहे, हे मालकांचे म्हणणे खोटे नाही. डॉजर्सचा दूरचित्रवाणीचा करार 25 वर्षांसाठी 835 कोटी डॉलरचा आहे. तशी रक्कम पिट्सबर्गमध्ये मिळणे शक्य नाही. परंतु सर्व संघांच्या स्थानिक उत्पन्नाचा मोठा हिस्सा एकत्र करून समान वाटला जातो, त्यामुळे लहान शहरांच्या संघांना दरवर्षी मोठी मदत मिळते. ही मदत संघाचा खेळ सुधारण्यासाठी वापरावी असा नियम आहे, आणि तो नीट पाळला जात नाही अशी रीतसर तक्रार खेळाडूंच्या संघटनेने 2018 मध्ये पायरेट्ससह चार संघांविरुद्ध केली होती.

शिवाय हरल्याने मालकाचे फारसे बिघडत नाही. बाल्टिमोर ओरिओल्स 1993 मध्ये 17.3 कोटी डॉलरना विकत घेतला गेला आणि 2024 मध्ये 172.5 कोटींना विकला गेला. या काळात त्या संघाने एकही वर्ल्ड सिरीज जिंकली नाही, उलट 1998 ते 2011 ही सलग 14 वर्षे जेमतेम निम्मे सामनेही जिंकले नाहीत. तरीही किंमत जवळपास दहापट झाली.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : आजवरचा अनुभव पाहता, आपणहून ते तेवढा खर्च करतील असे मला वाटत नाही. 2023 मध्ये ब्रायन रेनॉल्ड्सशी झालेला 10 कोटी 67 लाख 50 हजार डॉलरचा करार हा पायरेट्सच्या इतिहासात 10 कोटींच्या पलीकडे गेलेला पहिला करार होता. तो स्वागतार्हच होता, परंतु एका कराराने धोरण बदलले असे म्हणता येत नाही. स्कीन्सने 2025 मध्ये दर नऊ डावांमागे सरासरी 1.97 धावा देऊन सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, आणि त्याच्या नावावर विजय लागले 10 व पराभवही 10. असा पिचर दहा सामने हरतो, याचा अर्थ त्याच्या पाठीशी धावा काढणारे कोणी नव्हते. सहा वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे 2029 च्या हंगामाअखेर, तो फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा, होईल. त्याआधीच्या प्रत्येक हिवाळ्यात चांगले बॅटर आणले जातात का, यावर आपण लक्ष ठेवावे.

प्रश्न : वेतनखर्चावर कमाल मर्यादा घातली, तर लहान शहरांच्या संघांना न्याय मिळेल का?
— एक वाचक

उत्तर : केवळ कमाल मर्यादेने मिळणार नाही. तिच्यामुळे डॉजर्स आणि मेट्सचा खर्च घटेल, पण पायरेट्सचा वाढेलच असे नाही. मालकांनी 1994 मध्ये अशी मर्यादा आणण्याचा आग्रह धरला, तेव्हा खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. 2021 मध्ये मालकांनी 10 कोटी डॉलरच्या किमान खर्चाचा प्रस्ताव मांडला होता, पण त्यासोबत कराची मर्यादा 18 कोटींपर्यंत खाली आणण्याची अट असल्याने खेळाडूंच्या संघटनेने तो नाकारला. मालक आणि खेळाडू यांच्यातील सध्याच्या सामूहिक कराराची मुदत 1 डिसेंबर 2026 पर्यंत आहे. त्यानंतरच्या करारात वरच्या मर्यादेवर भांडण होईल, परंतु पिट्सबर्गच्या चाहत्यांच्या दृष्टीने खालची मर्यादा किती ठरते, हे कलम त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे.